बारावं पेर

"पाहिलंस, की ऐकलंस?"

मुकादमाचा हा प्रश्न खाणीवरच्या कुत्र्यालासुद्धा पाठ होता. पलीकडच्या खाणीत नवं यंत्र आलं असं कोणी सांगितलं, की मुकादम विचारणार, पाहिलंस, की ऐकलंस? माझी बायको माझ्यावर फार जीव टाकते असं कोणी म्हणालं, तरी डोळे बारीक करून तेच विचारणार. समोरचा गडबडला, की तोंडातली काडी या गालातून त्या गालात फिरवायची आणि मान वळवायची, जणू बोलणाऱ्याच्या जागी आता नुसती हवा उरली आहे.

जगात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाहिलेलं खरं, ऐकलेलं वाऱ्यावरचं. दगडाच्या खाणीत मात्र ते उलटं. कातळात बारा भोकं पाडायची, बाराही भोकांत दारू ठासायची, वाती लहानमोठ्या कापायच्या, बत्ती द्यायची आणि पळत सुटून दगडी भिंतीच्या आडोशाला बसायचं. लहान वातीचा बार आधी उडतो, लांब वातीचा मागून. धूळ उठते, धूर उठतो, वरून दगड कोसळत असतात. त्यात डोळ्याला काय दिसणार? म्हणून कानाने मोजायचं. बारा लावले आणि बारा उडाले, तर भोंगा वाजवून खाली उतरायचं. अकराच उडाले, तर खाली एक बार झोपला आहे. झोपलेला बार आणि मेलेला बार बाहेरून सारखेच दिसतात. पहारीचा धक्का लागला, की झोपलेला जागा होतो, एवढाच फरक.

मुकादम अंगठ्याने पेरं मोजायचा. चार बोटं, एकेका बोटाला तीन पेरं, झाले बारा. मालकाने एकदा सोळा भोकं पाडायला सांगितली, तेव्हा मुकादमाने पंजा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, "वरची चार पेरं तुमच्याकडून आणून द्या, पाडतो." मालक हसला, पण भोकं बाराच राहिली. बत्तीस वर्षं बाराच राहिली.

अंगाने वाळकुडा, रंगाने कातळासारखा, भुवयांत कायमची पांढरी धूळ. दुसरी माणसं सकाळी तोंड धुतात, हा आधी कान धुवायचा. फडक्याचं टोक पिळून कानात फिरवायचा, मग उंबऱ्यात उभं राहून कान वाऱ्याला धरायचा. बायको आतून विचारायची, "लागला का वारा?" तो म्हणायचा, "वाऱ्याला लागला कान." चाळीस वर्षांच्या संसारातला त्यांचा हा एकच विनोद, आणि दोघांनाही तो पुरत होता.

बाकी जगाबद्दल त्याच्या मनात फार चांगलं काही नव्हतं. ट्रकवाल्यांना तो माणसांत धरत नसे, कारण त्यांना पाय असून ते चालत नाहीत. खडी फोडण्याच्या यंत्रावरची माणसं फुटलेलंच पुन्हा फोडतात, म्हणून त्यांच्याकडे तो बघतही नसे. आणि सगळ्यांत जास्त तुच्छ होता त्याचा मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ, दोन लेकरांचा बाप, चाळिशीचा गडी. बहिणीने हातापाया पडून त्याला खाणीवर चिकटवला होता. मुकादम त्याला नावाने हाक मारत नसे. "अरे, हुंडा," म्हणून बोलवायचा. मेहुणा हसून "आलो, दाजी," म्हणायचा आणि सावकाश यायचा. हाक शिवी होती हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

तरीही या माणसाइतकं माणसांचं मन त्या खाणीवर दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हतं. ड्रिल चालवणारा भ्यायला, की गाणं गुणगुणायचा. त्या दिवशी मुकादम त्याला बत्तीच्या जवळ फिरकू देत नसे. कारण विचारलं, तर म्हणायचा, "तुझा गळा ऐकून वात विझते." वाती कापणारा म्हातारा भ्यायला, की शहाणपणाच्या गोष्टी करू लागायचा, मुकादम मुद्दाम त्याच्याशी भांडण उकरून काढायचा, कारण भांडताना म्हाताऱ्याचे हात थरथरायचे थांबत. मेहुणा भ्यायला, की शिंकायचा. मुकादमाला प्रत्येकाची भीती ठाऊक होती, पण तिचं नाव तो घेत नसे. भीतीचं नाव घेतलं, की ती पाहुण्यासारखी पाय पसरून बसते आणि जायचं नाव काढत नाही, असं त्याचं मत होतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, आणि मग त्याला घालूनपाडून बोलायचं. लोक शिव्या खात आणि धडधाकट घरी जात.

अशा खाणीवर नवा साहेब आला.

मालकाच्या साडूचा मुलगा. मऊ हात, मऊ आवाज, मऊ बूट. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. हा विटेपेक्षा मऊ. कुठल्याशा मोठ्या हॉटेलात तीन दिवस राहून तो माणसांची मनं सांभाळायचं शिकून आला होता. अडचणीच्या काळात, पुढचं काही दिसत नसताना, माणसांच्या भावना ओळखून त्यांना पुढे कसं न्यायचं, हे त्याला तीन दिवसांत कळलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे बरे म्हणायचे. ते निदान शेळ्यांचा हात धरून बसत नाहीत. आल्या आल्या त्याने सगळ्यांना सांगितलं, "मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय." पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव मलमसाहेब पडलं. जखम असो नसो, हा लावायचाच.

त्याने ऑफिसच्या भिंतीवर एक फळा टांगला. फळ्यावर सहा तोंडं काढलेली. एक हसरं, एक रडकं, एक रागीट, एक घाबरलेलं, एक थकलेलं, एक नुसतंच. रोज सकाळी प्रत्येकाने आपापल्या तोंडाखाली खूण करायची. पहिल्या दिवशी ड्रिलवाल्याने गंमत म्हणून रडक्या तोंडाखाली खूण केली. साहेबाने त्याला अर्धा तास खुर्चीत बसवलं, त्याचा हात हातात घेतला आणि लहानपणी आई जवळ घेत होती का म्हणून विचारलं. ड्रिलवाला बाहेर आला तो घामाने निथळत. दुसऱ्या दिवसापासून सगळी खाण हसऱ्या तोंडाखाली खुणा करू लागली. भिंतीवर खाण इतकी सुखी दिसू लागली, की मालक येऊन फळ्याचा फोटो काढून घेऊन गेला.

मुकादम फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला होता. "यात माझं तोंड नाही," तो म्हणाला.

"कुठलं तोंड हवं तुम्हाला?" साहेबाने आपुलकीने विचारलं.

"दुसऱ्याचं तोंड पाहायची इच्छा नसलेलं."

साहेबाने मान हलवली. "मला कळतंय," तो म्हणाला.

त्या दिवसाची गोष्ट सांगायची, तर सकाळपासून रस्त्यावर दहा ट्रक उभे होते. मोठ्या रस्त्याच्या कामाची खडी होती. संध्याकाळपर्यंत भरून गेली तर गेली, नाहीतर ते काम पलीकडच्या खाणीकडे जाणार होतं. दुपारी बारा भोकं भरून झाली. लाल निशाण वर चढलं, भोंगा वाजला, बत्ती दिली आणि सगळे भिंतीआड येऊन बसले. मुकादम धरून नऊ जण होते. त्यांच्यात आज दहावा होता, मलमसाहेब. कठीण घडीला आपल्या लोकांच्या सोबत असावं, हे त्याला हॉटेलात सांगितलं होतं.

बार मोजताना भिंतीआड कोणी बोलत नसे. कोणी खोकत नसे. मेहुण्याला शिंक आली, तर तो तोंडात धोतराचा बोळा कोंबून ती गिळायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून साहेबाला तो माहीत नव्हता.

पहिला उडाला. मुकादमाचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर. दुसरा. तिसरा. अंगठा पुढच्या बोटावर. चौथा, पाचवा, मग जरा थांबून सहावा. सातवा. आणि सातव्यानंतर एक मऊ हात मुकादमाच्या खांद्यावर पडला, एक मऊ तोंड कानाजवळ आलं आणि म्हणालं, "मुकादम, मला कळतंय, तुमच्यावर किती ताण आहे."

मुकादमाने मान वळवली नाही. पण अंगात संताप असा चढला, की कानात आपलंच रक्त वाजू लागलं. बाहेर धडाधड काहीतरी होत होतं. मग शांत झालं. वरून चार बारीक खडे येऊन पडले. मुकादमाने हाताकडे पाहिलं. अंगठा शेवटच्या पेरावर होता.

"बारा," वाती कापणारा म्हातारा म्हणाला.

"बारा," ड्रिलवाला म्हणाला.

"बारा झाले, दाजी," मेहुणा उठून धूळ झटकत म्हणाला. त्या दिवशी पहिलं खाली उतरायची पाळी त्याची होती. त्याने पहार उचलली.

"बस," मुकादम म्हणाला.

मेहुणा बसला. मुकादम हाताकडे पाहत होता. अंगठा बाराव्या पेरावर होता हे खरं. पण तो तिथे आवाज ऐकत ऐकत गेला, की बत्तीस वर्षांच्या सवयीने एकटाच चालत गेला? तेल्याच्या बैलामागे कोणी नसलं तरी तो फिरत राहतो. त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आठवेना.

बारा म्हटलं असतं तर कोणी तोंडातून शब्द काढला नसता. मेहुणा खाली गेला असता. अकरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळे थांबले असते, मुकादमाचा मान राहिला असता. पण अकरा म्हटलं, तर माणसं एक झोपलेला बार शोधणार. एक सापडला, की निश्चिंत होऊन पहारी मारणार. आणि दोन असले तर? तीन असले तर? खोटं बोलून मान राखायचा तर खोटं नेमकं हवं, आणि त्याला नेमकंच तर माहीत नव्हतं. त्याला स्वतःचाही तिटकारा आला. तोही त्याने इतरांच्या तिटकाऱ्याशेजारी नीट ठेवून दिला.

"सातपर्यंत माझे आहेत," तो म्हणाला. "पुढचं मला माहीत नाही."

भिंतीआड कोणाला काही कळेना. मेहुणा हसला. "दाजी आज चेष्टेत आहेत."

"मी तुझ्याशी कधी चेष्टा केली आहे का?"

"नाही."

"मग?"

मेहुण्याला शिंक आली. ड्रिलवाला हळूच गुणगुणू लागला. म्हातारा म्हणाला, की माणसाचं आयुष्य म्हणजे तरी काय, एक वातच ना. मुकादमाने तिघांकडे पाहिलं आणि ओळखलं, की आता यांना आधार देऊन चालणार नाही.

"दहावा बार पाझराच्या भिजल्या दगडात भरला होता," तो म्हणाला. "कसा वाजला?"

"मोठा," ड्रिलवाला म्हणाला.

"बारीक," मेहुणा म्हणाला.

"वाजला," म्हातारा म्हणाला.

"पाहिलंत, की ऐकलंत?"

शेवटी ड्रिलवालाच म्हणाला, "तुमच्या अंगठ्याकडे पाहिलं. आम्ही रोज तेच पाहतो. तुम्ही मोजत असताना आम्ही कशाला मोजायचं?"

बत्तीस वर्षं त्याला वाटत होतं, की त्याच्याबरोबर आठ जण मोजतात. मोजत होता एकटा अंगठा.

साहेब पुढे आला. रस्त्यावर एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला होता, त्यामुळे त्याचा मऊपणा जरा घाईत होता. "मला कळतंय, सगळ्यांच्या मनात शंका आहे. शंका वाटणं चूक नाही. पण सगळे बारा म्हणतात, मुकादमही सात तरी म्हणतात. अशा वेळी नेत्याने लोकांना विश्वास द्यायचा असतो. मी तो देतो."

"द्या की," मुकादम म्हणाला. "इथूनच द्या. खाली पाय नका देऊ."

"पण आठ साक्षीदार आहेत."

"साक्षीदार एकच आहे," मुकादमाने अंगठा वर केला. "आणि तो फितूर झाला आहे." मग तो खाली उतरायच्या वाटेवर, बरोबर मधोमध, मांडी घालून बसला. ओलांडून जायचं तर त्याच्या डोक्यावरून जावं लागलं असतं, आणि तेवढी उंच तंगडी त्या खाणीवर कोणाची नव्हती.

बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की आठ जणांतल्या एका माणसाने अजून तोंड उघडलेलं नाही. पाटीने दगड वाहणारी एक बाई भिंतीच्या टोकाला, आपल्या पालथ्या पाटीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. तिला खाणीवर पाठमोरी म्हणत. तीन वर्षं झाली, ती मुकादमाकडे पाहत नव्हती, त्याच्या हाताकडेही नाही.

त्याचं कारण मुकादमच. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली. चौथ्या दिवशी ती कामावर आली आणि बार मोजायच्या वेळी भिंतीआड तिला रडू कोसळलं. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "रडायचं तर घरी रड. इथे दगड ओले होतात." माणसं हसली. ती उठून गेली, दुसऱ्या दिवशी आली, आणि त्या दिवसापासून पाठ.

आता ती पाठ साहेबालाही दिसली. तो लगबगीने तिच्याकडे गेला, खाली वाकला. "ताई, मला कळतंय, तुमच्या मनात कुठेतरी राग आहे."

"साहेब, तुमचा बूट माझ्या पाटीवर आहे," ती म्हणाली.

साहेब मागे आला. मुकादम उठला. जाताना मेहुण्याला म्हणाला, "हुंडा, इथे बस. कोणी गेला, तर पाय धर. तेवढं जमेल तुला." मेहुणा वाटेवर बसला. मुकादम बाईच्या शेजारी जाऊन, तिच्यासारखीच सगळ्यांकडे पाठ करून, जमिनीवर बसला.

"किती उडाले?" त्याने विचारलं.

तिने पाटीला चिकटलेली माती नखाने खरवडली.

"तू माझ्या हाताकडे पाहत नाहीस. म्हणजे तू मोजले असणार."

"तुमच्या सात जणांना विचारा. ते पाहतात."

"त्यांनी ऐकलं नाही."

"मग ओले दगड ऐकतात का, ते बघा."

मुकादमाने तोंडातली काडी काढून टाकली. खाली धूळ बसत आली होती आणि फुटलेल्या कातळाचा ताजा वास वर येत होता. दुसऱ्याची भीती त्याला चार हातांवरून ओळखता येत होती. स्वतःच्या भीतीला तो आयुष्यभर ओळख देत नव्हता, रस्त्यात समोरून आलेल्या घेणेकऱ्याला देत नाहीत तशी.

"त्या दिवशी मी बोललो, ते तुझ्यासाठी नव्हतं," तो हळू म्हणाला.

"मोठ्याने बोला. तेव्हा सगळ्यांदेखत बोलला होतात."

मुकादम उठून उभा राहिला. भिंतीआडची माणसं त्याच्याकडे पाहत होती. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, खडीच्या ढिगाकडे पाहत बोलला. "त्या दिवशी ही रडत होती. मला माझी आई आठवली. मला मोजता येईना. मी भ्यालो. म्हणून हिला हाकललं. रडणं हिचं होतं, पण हुकलेला कान माझा होता. आजही तोच हुकला."

कोणी हसलं नाही. वाती कापणारा म्हातारा जमिनीकडे पाहू लागला. मलमसाहेबाचे डोळे भरून आले होते. त्याने खिशातून वही काढली आणि घाईघाईने त्यात काहीतरी टिपून घेतलं. पुढे कुठल्या हॉटेलात त्याने ते वाचून दाखवलं असेल, तर टाळ्याही मिळाल्या असतील.

"दहा," बाई म्हणाली.

"नक्की?"

"माझी मोजणी तुमच्यासारखी नाही. माझं एकेका बारावर एकेक माणूस आहे. पहिला सासऱ्यावर, दुसरा सासूवर, तिसरा थोरल्या दिरावर, चौथा जावेवर. पाचवा नणंदेवर, सहावा तिच्या नवऱ्यावर. सातवा माझ्या नवऱ्यावर, आठवा चुलतसासऱ्यावर, नववा घरमालकावर. दहावा पाणी घालणाऱ्या दूधवाल्यावर, आणि तो आज भिजल्या गोधडीवर काठी मारावी तसा वाजला. मला वाटलं, दूधवाल्याला शोभला."

मेहुण्याने शिंक गिळली. ती हसण्याची होती.

"आणि अकरावा?" मुकादमाने विचारलं.

"साहेब यायच्या आधी अकरावा वाण्यावर होता. आता साहेबांवर आहे. बारावा तीन वर्षं झाली, तुमच्यावर आहे. मी कान देऊन बसले होते. दोघेही राहिलात."

आता मात्र भिंतीआड हसू फुटलं. ड्रिलवाल्याची गुणगुण थांबली, म्हातारा गुडघ्यावर हात मारून हसला. भ्यालेली माणसं हसली, की त्यांच्या अंगाला पुन्हा वजन येतं. मुकादमाने ते पाहिलं आणि हसणं पुरतं ओसरू दिलं. मग म्हणाला, "अकरावा आणि बारावा डाव्या कोपऱ्यात आहेत. दोन झोपलेत. वात आत धुमसत असेल, एक तास कोणी हलायचं नाही."

"एक तास?" साहेब म्हणाला. "ट्रक थांबणार नाहीत."

"मग जातील. त्यांना तेवढंच येतं."

ट्रक गेले. एकामागून एक वळले आणि पलीकडच्या खाणीच्या रस्त्याला लागले. साहेब प्रत्येक ट्रकवाल्याला तुमची अडचण मला कळते म्हणून सांगत होता, आणि ट्रकवाले काच वर करत होते. माणसं भिंतीआड बसून राहिली. मुकादमाने म्हाताऱ्याशी वातीच्या लांबीवरून भांडण काढलं, आणि ते मन लावून पाऊण तास चालवलं.

तास भरल्यावर मेहुणा उठला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण पाळी त्याची होती आणि तो उठला होता, हे मुकादमाने पाहिलं.

"तू कुठे?" मुकादम म्हणाला.

"पाळी माझी आहे, दाजी."

"तू खाली जाऊन शिंकशील आणि डोंगर अंगावर घेशील. मग तुझ्या बहिणीचं रडणं जन्मभर मी ऐकू? हे निशाण धर आणि उभा राहा. कोणाला येऊ देऊ नकोस." लाल निशाण त्याच्या हातात कोंबून मुकादम एकटा खाली उतरला.

फुटलेल्या दगडांवरून तो पाय चाचपत, मांजरासारखा गेला. दोन्ही सापडले. डाव्या कोपऱ्यात, हातभर अंतरावर. आधीच्या बारांचे दगड पडून दोन्ही वाती मधेच तुटल्या होत्या. बारा धरून चाललं असतं, तर पहिली पहार तिथेच बसली असती, कारण मोकळा दगड तिथेच जास्त होता. त्याने दोन्हीच्या कडेला दगडांची खूण रचली आणि तो वर आला. शेजारी नवी भोकं पाडून ते दोन दुसऱ्या दिवशी उडवायचे, असं म्हाताऱ्याला सांगितलं.

"उद्या मोजणार कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

मुकादमाने बाईकडे पाहिलं. "ही मोजेल. माझ्या हातावर आता कोणी विसंबू नका. मी वाती कापीन."

"तुमचं उष्टं मला नको," बाई म्हणाली. ती उठून पाट्या एकात एक घालत होती. "मी माझं मोजते, माझ्या जिवासाठी. ज्याने त्याने आपापलं मोजावं. माणसं काय फक्त माझ्याच घरात आहेत?"

"मला उडवायला दोनच आहेत," मेहुणा म्हणाला. "ताई आणि दाजी."

"मग दाजींना सहा वेळा उडव," म्हातारा म्हणाला.

साहेब आला. त्याने मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातून खाली घेतला. तेवढं तो त्या दिवशी शिकला होता. "मुकादम, आज तुम्ही फार मोठी गोष्ट केलीत. मला कळतंय, तुम्हाला आत्ता काय वाटत असेल."

"काय वाटतंय?"

साहेबाने डोळे मिटून विचार केला. "मनावरचं ओझं उतरल्यासारखं."

"भूक लागली आहे," मुकादम म्हणाला.

त्याने खुंटीवरचा डबा काढला, काखेत मारला आणि चढाच्या वाटेने घराकडे निघाला. रोज तो पुढे आणि मेहुणा चार पावलं मागे असा जायचा. आज त्याने मागे वळून हाक मारली नाही. बाई पाट्या डोक्यावर घेऊन खालच्या रस्त्याने गेली. म्हातारा आणि ड्रिलवाला हात धुवायला टाकीकडे गेले आणि तिथे आपापल्या नातेवाइकांची नावं एकमेकांना सांगू लागले. साहेब ऑफिसात मालकाला फोन लावत होता. मुकादम चढ चढून गेला, वळणावरच्या बाभळीपाशी क्षणभर दिसला आणि दिसेनासा झाला. त्याला जाताना मेहुण्याने पाहिलं. निशाण खाली ठेव असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो ते धरून तिथेच उभा होता.